नाडी मंद, म्हणून शरीर तंदुरुस्त?

विद्यार्थी मित्रहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे हलकेच टेकवा आणि नाडीचे ठोके मोजा. अंगठ्याने मोजू नका. अंगठ्याला स्वतःचीच नाडी जाणवते आणि ती मोजणीत घोटाळा करते. पूर्ण एक मिनिट मोजा आणि आलेला आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तो ६८ असेल, ८२ असेल, कदाचित ९४ही असेल. या एका आकड्यावरून तुमच्या शारीरिक क्षमतेविषयी काय सांगता येईल?

हल्ली या प्रश्नाचे उत्तर फार झटपट दिले जाते. मनगटावर बांधायची अशी घड्याळे आली आहेत, की जी वेळेबरोबर नाडीही दाखवतात. मग मधल्या सुट्टीत मनगटे एकमेकांसमोर धरली जातात. ‘माझी ६२!’, ‘माझी तर ५८!’ ज्याचा आकडा लहान तो श्रेष्ठ, असा हा उलट्या गुणपत्रिकेचा खेळ आहे. मुलांनी तो गंमत म्हणून खेळला तर माझी काही हरकत नाही. पण काही शाळांतून आणि क्रीडावर्गांतून मोठी माणसेही तो खेळू लागली आहेत आणि नाडीच्या आकड्यावरून मुलांना ‘फिट’ आणि ‘अनफिट’ ठरवू लागली आहेत. ‘नाडी कमी म्हणजे क्षमता जास्त’ हे सूत्र अर्धेच खरे आहे असे माझे मत आहे. शाळेच्या वयात तर त्याचा खोटा अर्धा भागच अधिक नुकसान करतो.

प्रथम खरा भाग पाहू, कारण तो मनोरंजक आहे.

हृदय हा एक पंप आहे. पंपाने मिनिटाला किती पाणी फेकले हे काढायचे असेल, तर दोन राशी माहीत हव्यात. एका झटक्यात किती पाणी बाहेर पडते ही एक, आणि मिनिटाला असे किती झटके बसतात ही दुसरी. दोहोंचा गुणाकार केला की उत्तर मिळाले. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच गुणाकार मांडला. अर्ध्या तासात हृदयातून बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्तापेक्षाही जास्त भरते, तेव्हा तेच रक्त फिरून पुन्हा हृदयाकडे येत असले पाहिजे, असे त्याने दाखवले. रक्ताभिसरणाचा शोध लागला त्यात साध्या अंकगणिताचाही असा वाटा आहे.

आज आपल्याला हार्वेपेक्षा अचूक आकडे ठाऊक आहेत. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ७० गुणिले ७२ म्हणजे ५,०४० मिलिलिटर, थोडक्यात पाच लिटर. गंमत अशी, की प्रौढ माणसाच्या अंगात रक्तही साधारण पाच लिटरच असते. म्हणजे तुम्ही काही न करता बसलेले असलात तरी मिनिटाभरात सगळ्या रक्ताची एक फेरी होऊन जाते.

आता लांब पल्ल्याचा एखादा धावपटू घ्या. तो स्वस्थ बसला असताना त्याच्या शरीराचीही गरज तेवढीच, पाच लिटरच्या आसपास. त्याने किती पदके मिळवली आहेत याची दखल बसलेले शरीर घेत नाही. मात्र अनेक वर्षांच्या सरावाने त्याच्या हृदयाचा खालचा डावा कप्पा मोठा झालेला असतो, तो अधिक भरतो आणि अधिक जोराने रिकामा होतो. समजा एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त बाहेर पडू लागले. मग पाच लिटरसाठी किती ठोके लागतील? फक्त ५०. नाडी मंद झाली ती एवढ्यासाठी, की गुणाकारातील दुसरी राशी मोठी झाली.

याचा खरा लाभ बसलेले असताना दिसत नाही. तो पळताना दिसतो. जिवाच्या आकांताने धावताना तरुण माणसाची नाडी २०० च्या जवळपास जाते, आणि ही वरची मर्यादा सरावाने वाढत नाही. सराव नसलेल्या माणसाचे हृदय त्या अवस्थेत मिनिटाला सुमारे २० लिटर रक्त फिरवते. अव्वल दर्जाच्या सायकलपटूंचे वा धावपटूंचे हृदय जवळजवळ तेवढ्याच ठोक्यांत ३० ते ३५ लिटर फिरवू शकते. सगळा फरक एका ठोक्यात जाणाऱ्या रक्ताचा.

मंद नाडीचा आणखी एक फायदा आहे. हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते, आणि डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळते. स्नायू आवळलेला असताना त्याच्या आतल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. मिनिटाला ७२ ठोके असतील तर एका आवर्तनाला ०.८३ सेकंद मिळतात. त्यातील सुमारे ०.३ सेकंद आकुंचनात जातात, उरलेला अर्धा सेकंद विसाव्याचा. ५० ठोके असतील तर आवर्तन १.२ सेकंदांचे होते. आकुंचनाचा वेळ फारसा बदलत नाही, त्यामुळे वाचलेला वेळ बहुतेक सगळा विसाव्याच्या वाट्याला येतो.

मिगेल इंदुराइन या स्पॅनिश सायकलपटूने १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत जिंकली. त्याची विश्रांतीतील नाडी २८ होती असे नेहमी सांगितले जाते. हा आकडा एकदा कानावर पडला, की ‘नाडी कमी म्हणजे क्षमता जास्त’ हे सूत्र मनात पक्के बसते.

पण आता दुसरे उदाहरण ऐका. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लक्षावधी माणसे उपाशी होती आणि त्यांना पुन्हा धडधाकट कसे करायचे हे कोणालाच नीट माहीत नव्हते. म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ साली एक प्रयोग केला. सैन्यात जाऊन शस्त्र धरायला नकार देणाऱ्या तरुणांपैकी ३६ जण स्वतःहून पुढे आले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरले. प्रयोगाच्या सुरुवातीला या धडधाकट तरुणांची पूर्ण विश्रांतीतील नाडी सरासरी ५५ होती. सहा महिन्यांनी ती ३५ च्या आसपास आली होती.

३५! आकडा विजेत्याचा, पण ज्यांचा तो होता ते तरुण जिना चढतानाही थकून जात होते. त्यांच्या अंगात त्राण उरले नव्हते, थंडी सोसवत नव्हती, मन कशातही लागत नव्हते. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा त्यांचे हृदयही लहान झालेले आढळले. आता पुन्हा आपला गुणाकार मांडा. सायकलपटूच्या बाबतीत एक राशी वाढली म्हणून दुसरी कमी झाली आणि गुणाकार कायम राहिला. या उपाशी तरुणांत दोन्ही राशी घटल्या. घरात धान्य कमी झाले की आई जसा हात आखडून स्वयंपाक करते, तसे शरीर चालले होते. मनगटावर बोटे ठेवणाऱ्याला मात्र दोघांची नाडी सारखीच मंद लागणार.

हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो आहे. वजन उतरवायचे म्हणून दुपारचा डबा तसाच परत नेणाऱ्या मुली, आणि हल्ली मुलेही, प्रत्येक शाळेत असतात. काही आठवड्यांनी मनगटावरचे घड्याळ त्यांना नाडी उतरल्याचे सांगू लागते आणि त्यांना वाटते की आपण सुधारलो. घड्याळाला बिचाऱ्याला गुणाकारातील एकच राशी दिसते.

नाडी उतरवण्याचे आणखीही मार्ग आहेत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली तर नाडी मंदावते. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे ती उतरवतात. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची दोन पदके काढून घेण्यात आली ती अशाच एका औषधामुळे, प्रॉप्रानोलॉलमुळे. नेमबाजाला दोन ठोक्यांमधली शांतता मोलाची असते, म्हणून या खेळात ते औषध निषिद्ध आहे. त्या गोळीने नाडी उतरते. धावण्याची शक्ती वाढत नाही.

मग नाडीची गती ठरते तरी कशी?

ठोका देण्यासाठी हृदयाला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत विशिष्ट पेशींचा एक पुंजका असतो आणि तो आपणहून, ठरावीक काळाने, विजेचा सूक्ष्म स्पंद सोडत राहतो. त्याला त्याच्या मर्जीवर सोडले, तर तरुण माणसात तो मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. ज्यांच्यावर हृदयारोपणाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यात हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. नव्या हृदयाकडे येणारे मज्जातंतू तुटलेले असतात आणि असे हृदय विश्रांतीतही ९० ते १०० च्या गतीने चालते.

मग तुमची-आमची नाडी ७० किंवा ८० का? कारण मेंदूकडून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयावर सतत ब्रेक लावून बसलेला असतो. उतारावरून सायकल आणताना आपण ब्रेक हलकासा दाबून ठेवतो ना, तसेच. या मज्जातंतूला चेतना दिली की हृदय मंदावते, हे एर्न्स्ट आणि एडुआर्ड या जर्मन वेबर बंधूंनी १८४५ साली दाखवले. (यांचा तिसरा भाऊ विल्हेल्म हा पदार्थवैज्ञानिक. चुंबकीय स्रोताचे ‘वेबर’ हे एकक तुम्ही पुढे शिकाल, ते त्याच्या नावाचे. एका घरात किती विज्ञान मावावे!) तुम्ही धावायला लागता तेव्हा शरीर प्रथम हा ब्रेक सैल करते आणि मग वेग वाढवणारे दुसरे मज्जातंतू कामाला लागतात.

नियमित सरावाने हा ब्रेक अधिक घट्ट होतो आणि म्हणून खेळाडूंची नाडी मंद असते, असे पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे लिहिलेले असे. २०१४ साली मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना व्यायाम करायला लावून वेगळीच गोष्ट दाखवली. ठोके देणाऱ्या त्या पेशींच्या पुंजक्यातच बदल होतो. ज्या सूक्ष्म मार्गांनी विद्युतभार पेशीत शिरतो ते मार्गच कमी होतात, असे त्यांना आढळले. ब्रेक किती आणि मूळ गतीतला बदल किती, हा वाद अजून चालू आहे. ज्या आकड्यामागचे कारण शास्त्रज्ञांत वादाचे आहे, त्यावरून शाळेने मुलांच्या याद्या कराव्यात याचे मला नवल वाटते.

बरे, सरावाने नाडी उतरते ती तरी किती? अमेरिका आणि कॅनडात १९९० नंतरच्या दशकात ‘हेरिटेज’ या नावाचा मोठा अभ्यास झाला. बैठे जीवन जगणाऱ्या स्त्रीपुरुषांकडून २० आठवडे देखरेखीखाली सायकलचा व्यायाम करून घेण्यात आला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसास मोजण्याचे सर्वांत भरवशाचे माप मानले जाते. ते माप सरासरीने सुमारे सहाव्या हिश्श्याने वाढले. ही सुधारणा लहान नव्हे. आणि विश्रांतीतील नाडी? ती सरासरी जेमतेम दोन-चार ठोक्यांनी उतरली.

हे लक्षात घ्या. जून ते ऑक्टोबर रोज पहाटे उठून तुम्ही धावलात, दमसास वाढला, शर्यतीत पुढे आलात, आणि नाडी ७८ ची ७६ झाली. मनगटावरच्या आकड्यावर विसंबलात तर तुम्हाला वाटेल की सगळे श्रम फुकट गेले. असे वाटून व्यायाम सोडणारी मुले मी पाहिली आहेत.

शिवाय ७८ आणि ७६ यांत फरक आहे, हे तरी तुम्हाला कसे कळले? येथे पदार्थविज्ञानाचा शिक्षक या नात्याने थोडे बोलतो. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी उपकरणाचे लघुतम माप विचारतो. वर्गात नाडी मोजताना बहुधा १५ सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात. मोजणीत एका ठोक्याची चूक सहज होते, आणि ती चाराने गुणली जाते. म्हणजे या पद्धतीचे लघुतम माप ४ ठोके झाले. १० सेकंद मोजून सहाने गुणणारेही आहेत. त्यांचे लघुतम माप ६. अशा पट्टीने दोन ठोक्यांचा फरक मोजणे म्हणजे कापडवाल्याच्या गजाने पेन्सिलीची जाडी मोजण्यासारखे आहे.

त्यातून नाडी ही काही दगडासारखी स्थिर वस्तू नाही. आडवे पडल्यावर ती कमी असते, उभे राहिले की वाढते. जेवण झाले, चहा घेतला, जिना चढून आलात, शेजारी कोणी रागावले, की वाढली. ताप आला तर दर अंश सेल्सिअसमागे साधारण १० ठोके वाढतात. वयाचाही परिणाम असतो: तान्ह्या बाळाची नाडी १२० च्या वर असते आणि वाढत्या वयाबरोबर उतरत जाते. म्हणून सहावीतल्या मुलाची दहावीतल्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. मुलींची नाडी मुलांपेक्षा सरासरीने काही ठोके जास्त असते. मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडते आणि रक्ताची लाट येईल तसा परत येणारा प्रकाश किती कमी-जास्त होतो ते पाहून ठोके मोजते. युक्ती सुंदर आहे. पण कोणते घड्याळ झोपेतील आकडा ‘विश्रांतीची नाडी’ म्हणून दाखवते, कोणते दिवसातील शांत क्षणांचा. तेव्हा दोन कंपन्यांची घड्याळे शेजारी धरून तुलना करणे व्यर्थ आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. एका शाळेत लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी मुले निवडायची होती. निवडीआधी सर्वांची नाडी मोजण्यात आली आणि ज्यांची ९० च्या वर भरली त्यांची नावे ‘क्षमता कमी’ म्हणून वगळली गेली. वगळलेल्यांत आमच्या ओळखीच्या घरातील नववीची एक मुलगी होती. तिला पळायची अतोनात हौस. ती घरी येऊन रडली, आणि मग ‘आळशीपणा सोडला पाहिजे’ असे तिलाही वाटू लागले. सुदैवाने तिच्या आईने तिला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन बरेच कमी.

येथेही आपला गुणाकारच उपयोगी पडतो, फक्त त्यात आणखी एक राशी घालायची. रक्त फिरवायचे ते प्राणवायू पोचवण्यासाठी. म्हणून शरीराला मिळणारा प्राणवायू म्हणजे मिनिटाला फिरणारे रक्त, गुणिले प्रत्येक लिटर रक्तातून उतरवून घेतलेला प्राणवायू. हे सूत्र आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० साली मांडले. हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्रत्येक लिटरवर लादलेला प्राणवायू कमी. मालगाडीचे डबे अर्धे रिकामे धावत असतील तर गाड्या जास्त सोडाव्या लागतात. तसे हृदयाला रक्ताचे फेरे वाढवावे लागतात आणि नाडी चढते. त्या मुलीचे हृदय आळशी नव्हते. इतर मुलींच्या हृदयांपेक्षा ते अधिक राबत होते, आणि त्याच कष्टांची शिक्षा तिला मिळाली.

ही एका मुलीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तुमच्यापैकी किती जण गुपचूप खिडकीतून टाकतात, ते मी विचारत नाही. पण जलद नाडीचे कारण शोधायचे सोडून तिच्यावर शिक्का मारणारी शाळा, ही तपासणीची एक आयती संधी घालवते एवढे खरे.

तुम्ही म्हणाल, मग डॉक्टर नाडी का मोजतात? जलद नाडी वाईट असते असे मोठमोठे अभ्यास सांगतात ते खोटे का? नाही, ते खोटे नाहीत. कोपनहेगनमधील काही हजार प्रौढ पुरुषांची १६ वर्षे नोंद ठेवून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांची विश्रांतीतील नाडी ९० च्या वर होती, त्यांच्यातील मृत्यूचा धोका ५० किंवा त्याहून कमी नाडी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता. आणि त्यांच्या दमसासाचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक शिल्लक राहिला. म्हणजे या अभ्यासानुसारसुद्धा नाडी आणि दमसास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हा समूहाविषयीचा निष्कर्ष आहे. वायूचे तापमान आपण मोजतो, पण त्यातील एका रेणूचे तापमान असे काही नसते. तो वेगवान असेल किंवा मंद असेल. प्रौढांच्या समूहाला लागू पडणारी सरासरी नववीतल्या एका मुलीवर जशीच्या तशी लावणे ही तशीच चूक आहे.

क्षमता मोजायचीच असेल, तर पंप बंद असताना मोजून काय उपयोग? त्याला काम द्या आणि काम संपल्यावर तो किती लवकर शांत होतो ते पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तरुणांसाठी एक साधी चाचणी बसवली गेली. सुमारे ५० सेंटिमीटर उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटे चढउतार करायची. मग बसायचे आणि एक मिनिट झाल्यावर अर्धा मिनिट, दोन मिनिटे झाल्यावर अर्धा मिनिट, तीन मिनिटे झाल्यावर अर्धा मिनिट असे ठोके मोजायचे. चढउतार केलेले सेकंद गुणिले १००, भागिले तिन्ही मोजण्यांच्या बेरजेची दुप्पट. समजा ७०, ६० आणि ५० ठोके आले, तर बेरीज १८०, दुप्पट ३६०; आणि ३०० गुणिले १०० भागिले ३६० म्हणजे ८३. ८० च्या वरचा निर्देशांक चांगला मानतात. पाहा, यात विश्रांतीच्या नाडीला जागाच नाही.

नाडी उतरण्याचा वेग म्हणजे सैल केलेला ब्रेक पुन्हा किती चटकन लागतो याची खूण. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कमाल व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ज्या प्रौढांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांना पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका जास्त असल्याचे आढळले. निरोगी मुलांची नाडी पहिल्या मिनिटात याच्या कितीतरी पट उतरते.

तुमच्या उंचीला ५० सेंटिमीटरचा बाक मोठा होईल. घरच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी घ्या. घड्याळ लावून तीन मिनिटे एकाच लयीत चढउतार करा, बसा, आणि एक मिनिटाने अर्धा मिनिट ठोके मोजा. महिन्यातून एकदा, त्याच पायरीवर, त्याच लयीत, साधारण त्याच वेळी. तारखेसह वहीत लिहा आणि आलेखकागदावर बिंदू काढत जा. शेजारच्या मुलाच्या बिंदूंशी तुमच्या बिंदूंची तुलना करू नका. त्याच्या घरची पायरी वेगळी, त्याचे हृदय वेगळे. विश्रांतीची नाडीही हवी तर लिहा, मात्र सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पूर्ण ६० सेकंद मोजून, आणि आठवड्याची सरासरी काढून. ती एरवीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी अचानक चढलेली दिसली, तर बहुधा ताप येऊ घातला आहे, झोप अपुरी झाली आहे किंवा आदल्या दिवशी व्यायाम अति झाला आहे. हा उपयोग मात्र खरोखरच चांगला आहे, आणि त्यासाठी तुमची नाडी ६० आहे की ८५, याने काही बिघडत नाही.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की संघ निवडायचा तर मुलांना पळवून निवडावा. नाडीची यादी करायचीच असेल तर ती वेगळ्या कामासाठी करावी. स्वस्थ बसून, दोन-तीन दिवस मोजूनही ज्याची नाडी सतत १०० च्या वर राहते, त्याच्या पालकांना निरोप पाठवावा. ज्याची मंद आहे आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत दुखणे आहे, त्याच्याही पालकांना पाठवावा. आणि धावता धावता एखाद्याची शुद्ध हरपली, तर नाडी ५० असो वा ९०, त्याचे मैदान त्या दिवसापासून बंद आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढायचा.